किती टनांचा?

काशीत राहणाऱ्या मराठी घराला पाहुण्यांचा कंटाळा करून चालत नाही. पेशवाईपासून ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांतली आमची वस्ती येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मुक्कामाची, जेवणाची आणि श्राद्धपक्षाची सोय बघत आली आहे. वाहनाची काळजी मात्र आमच्याकडे कुणी सोपवली नव्हती. वरसईचे गोडसे भटजी सत्तावन्नच्या धामधुमीतून वाचले आणि गंगेची कावड घेऊन घरी गेले. कावड पंक्चर होत नाही. आमच्या लहानपणी पाहुणे महानगरी एक्सप्रेसने यायचे. तिचा डबा रुळावरून घसरलाच असता तर तो उचलायचे जॅक रेल्वेने आणले असते, पाहुण्यांकडे मागितले नसते.

आता पाहुणे गाडीने येतात. २०२५च्या महाकुंभाला प्रयागपर्यंत आलेल्या कितीतरी एमएच गाड्या ‘आलोच आहोत तर’ म्हणत काशीकडे वळल्या आणि तेव्हापासून हा रस्ता आपल्या लोकांच्या अंगवळणीच पडला. रस्ताही तसा घरचाच. वाराणसीहून निघून जबलपूर, नागपूर करत थेट कन्याकुमारीला जाणारा जुना सात नंबरचा हायवे, २,३०० किलोमीटरहून लांब, देशातला सगळ्यात लांब म्हणून शाळेत पाठ केलेला. पुढे सरकारने त्याचे तुकडे करून नवे नंबर दिले, पण आमच्या नागपूरकर नातेवाइकांच्या तोंडी तो अजून ‘सेव्हन’च आहे.

आमच्या दारापर्यंत चारचाकी येत नाही. दुचाकी येते, तीही समोरून बैल येत नसेल तर. पाहुण्यांची गाडी मैदागिनच्या अलीकडे कुठेतरी पैसे भरून उभी राहते आणि पाहुणे बॅगा ओढत गल्लीत शिरतात. अशा घरातल्या माणसाला मोटारीच्या जॅकबद्दल मत असायचं खरं तर काही कारण नाही. पण पंक्चर झालं की माणूस पहिला फोन जवळच्या गावातल्या नातेवाइकाला करतो. मग टायर ड्रमंडगंजच्या घाटात बसो नाहीतर प्रयागहून येताना गोपीगंजला बसो, जवळचं गाव काशी आणि नातेवाईक मी. हायवेवर १०३३ हा सरकारी मदतीचा नंबर आहे हे मी प्रत्येकाला सांगतो. ‘हो हो, तो करतोच, पण तू निघालास का?’ असं पलीकडून उत्तर येतं.

अशा रीतीने रस्त्याकडेला उभं राहून माझं जॅकचं शिक्षण झालं. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. आपला माणूस जॅक घ्यायला दुकानात गेला की त्याचा पहिला प्रश्न, आणि बहुतेक वेळा शेवटचाही, एकच असतो: किती टनांचा? दुकानदार दोन म्हणाला की गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. पाच म्हणाला की तो जॅक हातात घेऊन बघतो. आपण सोनं तोळ्यावर घेतो तसा जॅक टनांवर घेतो. जास्त असला तर वाईट काय, असा एकूण हिशेब.

सांगलीच्या आमच्या एका काकांनी (नाव सांगत नाही, श्रावणात पुन्हा यायचे आहेत) आपल्या छोट्या हॅचबॅकसाठी दहा टनांचा बॉटल जॅक घेतला. दहा टन म्हणजे दोन हत्ती, माहुतांसकट. “असू दे रे, कधी लागला तर!” कधी लागणार होता, देव जाणे. वजन उचलण्याची हौसच असेल तर आमच्या गावात बनारसचा रेल्वे इंजिन कारखाना आहे. १९६४ साली तिथून पहिलं डिझेल इंजिन बाहेर पडलं, आता विजेची इंजिनं बनतात, एकेक सव्वाशे टनांच्या घरातलं. काकांना तिथे कुणी बोलावलेलं नव्हतं.

हिशेब साधा आहे. छोट्या गाडीचं वजन हजार-अकराशे किलो. त्यात पाच माणसं, बॅगा, परतीला पितळेची भांडी आणि गंगाजलाचे कॅन. दीड टन धरा. पण चाक बदलताना अख्खी गाडी उचलायची नसते, एक कोपरा उचलायचा असतो. बाकीची तीन चाकं जमिनीवर आपापला वाटा सांभाळून असतात. म्हणजे जॅकवर येतात चारशेएक किलो. माणसं खाली उतरली तर त्याहूनही कमी, आणि उतरायलाच हवीत. ही गोष्ट सांगायला सोपी आहे. आत्याबाई पुढच्या सीटवर जपमाळ घेऊन बसलेल्या असतात आणि “मी काय एवढी जड झालेय का रे?” असं विचारतात. याचं उत्तर कुठल्याही जॅकच्या पुस्तिकेत छापलेलं नाही. “आत्या, बाहेर वारा छान आहे,” हे वाक्य मी राखून ठेवलं आहे. जेठ महिन्यात ते चालत नाही.

तेव्हा लहान गाडीला टनभराचा जॅक पुष्कळ झाला, मोठ्या एसयूव्हीला दोन टनांचा. गाडी बनवणारे हे ओळखून असतात, म्हणूनच गाडीबरोबर तो बारका, काळा, मिटवून ठेवायचा जॅक देतात. आपल्याला मात्र तो बघूनच त्याच्यावर अविश्वास वाटतो. एवढासा तर आहे!

काकांच्या जॅकची परीक्षा रिंगरोडवर हरहुआच्या पुढे झाली. मागचं डावं चाक पार बसलेलं. काकांनी डिकी उघडली. त्यांच्या डिकीत खाली स्टेपनी, तिच्यावर चटई, चटईवर बॅगा आणि बॅगांवर सांगलीहून आणलेली हळद, बेदाणे आणि आमच्यासाठी पाट. हे सगळं रस्त्याकडेला मांडून झाल्यावर जॅक निघाला. लालभडक, अजून प्लास्टिकमध्ये. काकांनी तो गाडीखाली सरकवला. तो सरकेना. त्यांनी तो आडवा करून घातला. तो गेला; पण आडवा बॉटल जॅक काही उचलत नाही, फार तर तेल गाळतो.

इथे टनांचा घोळ उघडा पडतो. बॉटल जॅक मिटलेला असतानाही उभाच असतो, आणि जितके टन जास्त तितका तो मुळातच उंच. दोन टनांचा सुमारे १८ सेंटिमीटर, दहा टनांचा २०-२२ तरी. आता टायरच्या कडेवर छापलेला आकडा वाचा. १६५/८० आर १४ असेल तर टायरची रुंदी १६५ मिलिमीटर आणि भिंतीची उंची तिच्या ८० टक्के, म्हणजे सुमारे १३ सेंटिमीटर. हवा गेली की या १३ सेंटिमीटरांतला मोठा भाग गेला आणि गाडीचा तो कोपरा तेवढा खाली आला. जॅक दुकानात बघताना आपण उभ्या गाडीचा विचार करतो. तो वापरायचा असतो बसलेल्या गाडीला. दोन हत्ती उचलणारं यंत्र हॅचबॅकखाली शिरत नाही, कारण ते हत्तीखाली शिरायच्या मापाचं आहे.

तोवर गर्दी जमली होती. बनारसच्या परिसरात गाडी बंद पडली की माणसं कुठून येतात ते विचारू नये, ती असतातच. कुणी तोंडातलं पान एका गालात सारून म्हणालं, “का गुरु, पंचर हो गयल?” दुसऱ्याने खड्डा खणायचा सल्ला दिला, तिसऱ्याने हायवेवरून जाणारी क्रेन थांबवायला हात दाखवला. मग एक जण काकांच्या जॅककडे, काकांकडे आणि गाडीकडे आळीपाळीने बघून म्हणाला, असं कशाला, उचलूनच टाकू. आठ-दहा जण कोपऱ्याला लागले, ‘हर हर महादेव’ झालं, आणि गाडीखाली विटांची चवड गेली. तेवढ्या उंचीवर दहा टनांचा जॅक रुबाबात उभा राहिला. काका अजूनही तो जॅक उत्तम असल्याचं सांगतात. त्याच काकांना विश्वनाथाच्या दर्शनाला मात्र वरपर्यंत कुणाचाच जॅक लावता आला नाही. रांगेत उभे राहिले.

मी हे हसण्यावारी सांगत असलो तरी विटांवर गाडी उभी करणं हे काम अघोरी आहे. वीट भार झेलता झेलता अचानक तडकते, आधी सांगत नाही. पण आपल्याकडे रस्त्यावर पहिली सूचना विटेचीच येते: “नीचे ईंटा लगावा!” सुचवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, वीट मात्र कच्ची निघते.

म्हणजे जॅक किती उचलतो याच्याइतकंच तो कशावर उभा राहतो हे महत्त्वाचं. हे शिकायला काशीसारखी दुसरी शाळा नाही. आमच्या घरापासून चालत गेलात तर मणिकर्णिकेच्या अलीकडे शिंद्यांचा घाट लागतो. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३०च्या सुमारास तो असा भरभक्कम बांधवला की खालच्या जमिनीला तो पेलेना. घाट आपल्याच वजनाने खचला. तिथेच पाण्याला लागून रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आहे, चांगलंच तिरकं, वर्षातला बराच काळ गाभारा पाण्याखाली. ते का कललं याच्या कथा तऱ्हेतऱ्हेच्या: कुणी आईचं ऋण फेडायला निघालेल्या मुलाची सांगतो, कुणी अहिल्याबाईंच्या शापाची. नावाडी पाहुण्यांचे चेहरे बघून कथा निवडतात. मराठी दिसले की अहिल्याबाई. मला त्या देवळात खचलेल्या साइडपट्टीवर उभा केलेला जॅक दिसतो. दगड अव्वल, कारागिरी अव्वल, आणि पाय चिखलात.

हायवेची साइडपट्टी म्हणजे तरी काय? इकडे गंगेच्या पट्ट्यात ती गाळाची, पावसाळ्यात लोण्याची. जॅकचा तळ तळहाताएवढा. चारशे किलो त्या तळहातावर आले की गाडी वर जायच्या ऐवजी जॅक खाली जातो. हँडल फिरवणाऱ्याला वाटतं काम चाललंय. बराच वेळ घाम गाळल्यावर लक्षात येतं, की गाडी होती तिथेच आहे आणि जॅक पाताळात निघालाय.

यावरचा उपाय मी मोहनसरायच्या बाजूच्या एका पंक्चरवाल्याकडे बघितला. टपरी कसली, चार बांबू, एक टांगलेला टायर आणि ‘हवा-पंचर’ ही पाटी. त्याच्याकडे जॅकपेक्षा जपलेली वस्तू म्हणजे लाकडाचा एक ठोकळा: वीतभर रुंद, चार बोटं जाड, तेल पिऊन काळाभोर झालेला, मधोमध जॅकच्या तळाचा गोल खळगा पडलेला. गाडी आली की तो आधी जॅकला हातच लावत नाही. समोरच्या बाजूच्या, तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दगडाची उटी लावतो. आपल्या एसटीचे कंडक्टर घाटात लावायचे तशी. मग ठोकळा ठेवतो, तो पायाने दाबून, डावी-उजवीकडे हलवून बघतो. त्यावर जॅक. हे सगळं विडी न विझू देता. “जैक तो तीन बदल गये, गुटका वही है,” असं त्याने मला अभिमानाने सांगितलं. तसा ठोकळा मी पाहुण्यांसाठी करून घ्यायचं ठरवलं. लाकडाला आमच्या गावात तोटा नाही. पण मणिकर्णिकेच्या वखारीत जाऊन ‘चार बोटं जाड, वीतभर’ असं माप सांगायला जीभ रेटेना. सुताराकडून घेतला.

आता निवडीचं बोलू. बॉटल जॅकची गंमत सांगून झाली. त्यातून त्याचं डोकं गोल आणि लहान. छोट्या गाड्यांना उंबरठ्याच्या खाली पत्र्याची उभी कड असते, पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे त्या कडेत दोन-दोन खाचा असतात. जॅक लावायची जागा तीच. गोल डोकं त्या कडेवरून घसरतं, नाहीतर कड वाकवतं. ट्रॉली जॅक गॅरेजमध्ये राजा आहे, फरशीवर. साइडपट्टीच्या मातीत त्याची चाकं रुततात, आणि आठ-दहा किलोंचं हे धूड डिकीत ठेवलं की पाटाला जागा उरत नाही. बारा व्होल्टचा विजेचा जॅक येतो, तो आमच्या पुण्याच्या भाच्याकडे आहे. त्याची वायर मागच्या चाकापर्यंत पोचते की नाही हे घरीच बघून घ्यावं, एवढंच म्हणतो. गाडीच्याच धुराने फुगणारी पिशवीही मिळते. ती वाळूत आणि चिखलात खरोखर चालते, पण ती वापरताना बनारसचे लोक बघायला जमले तर गाडी आणि पिशवी दोन्ही विसरून त्या लोकांकडेच बघत बसाल.

राहिला तो गाडीबरोबर आलेला सिझर जॅक. मिटला की दहा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे बसलेल्या गाडीखालीही जातो. वजन दोन-तीन किलो. तेल नाही, म्हणून गळती नाही. डोक्याला खाच असते, ती पत्र्याच्या कडेला बरोबर बसते, कारण ती त्याच गाडीसाठी कापलेली असते. त्याचे दोष मी झाकत नाही. तळ बारका आहे, त्यासाठी ठोकळा. सुरुवातीचे फेरे सगळ्यात जड जातात, कारण पाय पसरलेले असताना स्क्रूला जोर जास्त लागतो. माणूस तिथेच हिंमत सोडतो आणि जॅक बिघडलाय म्हणतो. हँडल आखूड, रस्त्याला घासतं, बोटांची सालं निघतात. वर्षातून एकदा स्क्रूला ग्रीस लावायचं असतं, ते कुणी लावत नाही. आणि आणखी एक: बसलेलं चाक सुटेल इतकीच गाडी उचलून लोक थांबतात. मग हवा भरलेली स्टेपनी आत जात नाही, कारण ती फुगलेली असते. पुन्हा चार-सहा फेरे. या चार-सहा फेऱ्यांत आमच्याकडे दोन भावांनी एकमेकांशी बोलणं सोडलेलं आहे.

जॅकवर एवढी चर्चा करणाऱ्यांनी थोडी नटांवर करावी. टायरच्या दुकानात हल्ली हवेच्या गनने नट कसतात, तर्र करून. ते गाडीच्या पुस्तिकेतल्या मापापेक्षा कितीतरी घट्ट बसतात. मग रस्त्यात गाडीबरोबरच्या वीतभर पान्याने ते सुटत नाहीत. लोक आधी गाडी उचलतात आणि मग नटाशी झटतात; चाक हवेत गरगर फिरतं आणि गाडी जॅकवर डोलते. नट अर्धा-एक फेरा सैल करायचे ते चाक जमिनीवर असताना, मग गाडी उचलायची. शेवटी कसायचे तेही चाक टेकल्यावर, आणि शेजारचा शेजारी नव्हे, समोरासमोरचे. लांब दांड्याचा पाना किंवा चार तोंडांचा फुलीचा पाना दोन-चारशे रुपयांत मिळतो. दहा टनांच्या जॅकचे पैसे वाचवून तो घेतला तर काकूही आपलं चाक बदलू शकेल. आमच्या एका काकूने बदललंही. काका त्या वेळी गर्दीला रस्ता दाखवत होते.

हल्ली या सगळ्यातून सुटका झाल्याचं सांगणारेही भेटतात. २०२०मध्ये केंद्र सरकारने नियम बदलले: साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर बुजवायचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. स्टेपनी नाही म्हणजे जॅकही नाही. ट्रेडमध्ये खिळा शिरला तर किट छान काम करतं, तक्रार नाही. पण खड्ड्याच्या कडेने टायरची भिंत फाटली की त्यात डिंक ओतून काही होत नाही, आणि मिर्झापूरच्या बाजूला टायर बहुतेक वेळा भिंतीतच फाटतो. असे पाहुणे मला गाडीसकट टोइंगच्या ट्रकवर बसून आलेले दिसले आहेत. आत्याबाई मात्र ट्रकच्या केबिनमध्ये खूश होत्या. सीट उंच होती म्हणे.

तेव्हा जॅक कुठला घ्यावा, तर बहुतेकांनी कुठलाच घेऊ नये. गाडीबरोबर आलेला आहे का ते बघावं. जुनी गाडी घेतली असेल तर नक्की बघावं. आधीचा मालक आतलं अत्तर आणि गणपती ठेवून जातो, जॅक घेऊन जातो. नसेल तर त्याच मॉडेलचा मागून घ्यावा आणि दुकानात टन विचारण्याआधी मिटलेली उंची विचारावी. दुकानदार चमकेल, पण टेप काढून मोजून देईल. सोबत लाकडी ठोकळा, लांब पाना, एक उटी. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली डोकं घालू नये, कितीही टनांचा असला तरी. आणि घरच्या अंगणात एकदा, कपडे खराब झाले तरी चालतील अशा रविवारी, एक चाक काढून बसवून बघावं.

श्रावणात येणाऱ्यांना एक विनंती. निघण्याआधी स्टेपनीत हवा भरून घ्या, ती तुम्ही गाडी घेतल्यापासून भरलेली नाही. परत जाताना गंगाजलाचे कॅन मागच्या सीटखाली ठेवा, जॅकच्या वर नको. आणि गोपीगंजहून फोन करणार असाल तर संध्याकाळच्या आरतीच्या आधी करा. नंतर मैदागिनमधून गाडीच काय, मीही लवकर बाहेर पडू शकत नाही.